सिंड्रेलाची तालीम आणि पोरांचा आरडाओरडा

बी-३०२ (काकू): नाटकवाल्यांनो, काल तालमीला बसले होते. छान चाललंय. पण लहान मुलं मध्येच ‘मागे बघ, मागे बघ!’ ओरडत होती. प्रयोगाच्या दिवशी त्यांना आवरायला दोन-तीन पालकांना पुढे बसवू या का?

सी-५०१ (दिग्दर्शन): काकू, नको हो! ती ओरडली म्हणून तर मला हुरूप आला. इंग्लंडमध्ये नाताळात परीकथांची पॅंटोमाइम, म्हणजे गाण्या-विनोदाची नाटकं होतात, त्यात प्रेक्षक हे एक पात्रच असतं. दुष्ट माणूस मागून येतो, पोरं ओरडतात, नायक वळेपर्यंत तो लपलेला. ‘कुणी नाहीये!’ ‘आहे, आहे!’ यातले अर्धे संवाद पोरांचेच. गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, मजा आहे ती या जुगलबंदीत.

ए-२०४: ताई, आवाज आधीच रेकॉर्ड करून घेतले तर? सगळे हौशी, संवाद विसरायची भीती जाईल. नुसते ओठ हलवायचे.

सी-५०१: दादा, हे मात्र मी अजिबात होऊ देणार नाही. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. एखादी चिमुरडी ‘तिचा बूट दे ना तिला!’ म्हणाली, तर सावत्र बहिणीला तिथल्या तिथे तिला उत्तर देता आलं पाहिजे. लंडनमध्ये १७३७च्या कायद्यानं बोलक्या नाटकांची परवानगी मोजक्याच नाट्यगृहांना ठेवली होती, बाकीच्यांना संवादांशिवाय खेळ करावे लागत; ती बंधनं १८४३मध्ये सुटली. आपल्यावर तसली कुठलीच बंदी नाही, मग मुकं का व्हायचं? जोसेफ ग्रिमाल्डी हा त्या काळचा गाजलेला विदूषक गाताना ओळीचा शेवटचा शब्द गाळायचा आणि प्रेक्षक तो ओरडून पुरा करायचे. संवाद आठवला नाही तर तेच करा. ‘आता मी काय करू रे?’ असं पोरांनाच विचारा, ती बरोबर सांगतात.

बी-१०१ (काका): सावत्र बहिणीचं काम माझ्याकडे आहे. मिशी काढू का? आवाज बारीक करू?

सी-५०१: मिशी राहू द्या काका, आवाजही तुमचाच. बालगंधर्व रंगमंचावर आले की समोर पुरुष आहे हे लोक विसरत. इथे नेमकं उलटं, तुम्ही काका आहात हे पोरांना सतत दिसलं पाहिजे. फक्त बायकांची टिंगल नको. राजपुत्र आपल्यालाच निवडणार असं त्या बहिणीला अगदी खरं वाटतंय, तेवढं मनापासून करा. हशा आपोआप येतो.

डी-४०३ (प्रकाश): भोपळ्याच्या रथासाठी जाळीचा पडदा नक्की ना?

सी-५०१: हो. त्यावर स्वयंपाकघराची भिंत रंगवलीय. पुढून तिरपा उजेड आणि मागे अंधार असला की ती भिंत पक्की वाटते. मग पुढचा उजेड हळूहळू उतरवायचा, मागचा चढवायचा. भिंत विरते आणि रथ उभा! सरळ समोरून उजेड टाकलात तर तो आरपार जाईल आणि रथ आधीच दिसेल. पडदा ताणून बांधा, मागे काळं कापड ठेवा, रथाच्या आधी ते गुपचूप वर ओढायचं. पूर्ण नाटकात मला सर्वांत जपायचा आहे तो हा क्षण.

डी-४०३: तिरपे दिवे आज संध्याकाळी लावतो.

सी-५०१: आणि परी नटाच्या उजवीकडून, सावत्र आई डावीकडून, ही जुनी रीत पाळू या. एकदा पोरांच्या लक्षात आलं की ती विंगेकडे बघूनच ओरडायला लागतात.

बी-३०२: मग पालकांना कुठे बसवू?

सी-५०१: मुलांमध्ये विखरून. पहिली आरोळी मोठ्यांनी दिली की बुजरी मुलंही ओरडतात. नटांनी तेव्हा थांबायचं. आवाज चढू द्यायचा आणि तो उतरायला लागला की पुढचं वाक्य. रिकाम्या खुर्च्यांसमोर हे बसत नाही, म्हणून उद्या मुलं हवीतच.

बी-३०२: आणते सगळ्यांना. सतरंज्या घालू?

सी-५०१: घाला, पण मधे वाट सोडा. सावत्र आई तिथूनच पळणार आहे.