एमडी झालं की परीक्षा कायमची संपली का?

घाटंजीची मास्तरीण:
२०१८चा पोळा होऊन गेला होता. माय पऱ्हाटीतलं निंदण करून आली अन् तापानं फणफणली. तालुक्याच्या फिजिशियननं टायफॉइड समजून पाच दिवस सलाइन लावलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिची काख बघितली. बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली! स्क्रब टायफस. गवतातल्या किड्याच्या पिल्लाच्या चाव्यानं होतो, अन् डॉक्सीसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध त्यावर चालतं. त्या पावसाळ्यात विदर्भात त्याची साथच होती. माय वाचली, पण नऊ दिवस आयसीयूत काढून.

प्रॅक्टिसची नोंदणी टिकवायला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, लागतात. ते कॉन्फरन्सला नुसती हजेरी लावूनही मिळतात. डोक्यात काय उतरलं, ते कोण तपासतं? अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या, म्हणजे फिजिशियनांच्या, बोर्डानं १९९० पासून तहहयात प्रमाणपत्र बंद करून दहा वर्षांची मुदत घातली; ती संपली की पुन्हा परीक्षा. आपल्याकडे का नको?

तालुक्यातला एमडी:
ताई, तुमच्या आईंचं वाचून फार वाईट वाटलं. काख बघायलाच हवी होती. तरी सक्तीच्या परीक्षेला माझा विरोध आहे. माझ्या तालुक्यात फिजिशियन मी एकटा. फवारणीत विष भिनलेला मजूर रात्री दोनला येतो, तेव्हा मी परीक्षेसाठी नागपुरात असलो तर? अमेरिकेतही फी आणि वाया जाणारा वेळ यावरून डॉक्टर चिडले. शिवाय तिथं लायसन्ससाठी ते प्रमाणपत्र लागत नाही; रुग्णालयं आणि विमा कंपन्या मागतात. इथं सक्ती केली तर खेड्यातला डॉक्टर आधी शहर गाठेल.

सिस्टर, यवतमाळ:
सर, फवारणीचं तुम्हीच काढलं म्हणून बोलते. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या पेशंटच्या डोळ्याची बाहुली मोठी झाली की अॅट्रोपिन हे त्यावरचं औषध थांबवणारे डॉक्टर मी आजही बघते. छाती मोकळी झाली का, हे ऐकायचं असतं. ड्यूटीवर कोण आहे त्यावर पेशंटचं नशीब ठरावं का?

शेतकरी, आर्णी:
डॉक्टरसाहेब, तुमची अडचण समजते. पण आम्ही जीव तुमच्या हवाली करतो न बाप्पा! तुम्हाले नवं काय माहीत हाय, हे आम्ही कोणाले विचारावं?

घाटंजीची मास्तरीण:
सर, गाव सोडायची गरजच नाही. त्याच बोर्डानं २०२२ पासून दुसरा मार्ग दिलाय: दर तीन महिन्यांना ३० प्रश्न, घरबसल्या, एका प्रश्नाला चार मिनिटं. पुस्तक उघडायला मुभा. बहुतेक उत्तरांचं स्पष्टीकरण तिथंच मिळतं. पाच वर्षं असं चालतं.

तालुक्यातला एमडी:
असं असेल तर मी बसेन. पण प्रश्न माझ्या ओपीडीतले हवेत: घोणस, सिकलसेल, स्क्रब, फवारणी. आणि निकालावर नोंदणी टांगायची नाही, यावर मी ठाम आहे.

घाटंजीची मास्तरीण:
इथं मात्र आपलं जमणार नाही, सर. वारंवार चुकणाऱ्याची नोंदणी तशीच राहणार असेल, तर माझ्या मायसारख्या बाईला त्याचा काय उपयोग?