मदत हवी आहे: अँसेल्मच्या एका वाक्याचं मराठी

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अँसेल्मवर (1033–1109) सामान्य वाचकांसाठी 1,500 शब्दांचा लेख चालू आहे. आओस्तात जन्म, नॉर्मंडीत बेकच्या मठात वास्तव्य, 1093 पासून कँटरबरीचा आर्चबिशप. हा भाग दोन परिच्छेदांत उरकला. गाडी अडली आहे त्याच्या ‘प्रोस्लोगिओन’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातल्या देवाच्या वर्णनावर. याच वर्णनावरून तो देवाचं अस्तित्व सिद्ध करू पाहतो.

बहुतेक ठिकाणी ‘सर्वांत श्रेष्ठ’ असं सुटसुटीत भाषांतर दिसतं. पण तिथेच युक्तिवाद कोसळतो. अस्तित्वात असलेल्या गोष्टींत कोणीतरी अव्वल असणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही. मूळ लॅटिनचा रोख नकारात्मक आहे: ‘ज्याहून थोर काही विचारात येऊच शकत नाही असं काही’. अशा युक्तिवादाने एखादं सर्वोत्तम हरवलेलं बेटही खरं ठरेल, असा आक्षेप घेणाऱ्या गाउनिलो या समकालीन मठवासीला उत्तर देताना अँसेल्मनेच हा फरक बजावला होता.

सध्याचा मसुदा: ‘ज्याच्यापेक्षा थोर कशाचाही विचार करता येत नाही, ते’. अचूक आहे, पण वाचताना दम लागतो.

तीन शंका:

‘मोठे’ म्हटलं की आकार डोळ्यापुढे येतो. मग ‘थोर’ की ‘श्रेष्ठ’?

‘कल्पना’ टाळावी का? मराठीत तिला मनोराज्याचा वास येतो.

चित्रकाराचा दाखला (चित्र आधी मनात, मग फलकावर) सूत्राच्या आधी द्यावा का? अँसेल्म तो नंतर देतो, पण आधी दिला तर ‘मनात असणं’ आणि ‘असणं’ यांतला फरक लवकर उलगडेल असं वाटतं.

नंतरच्या काळातल्या कांट या तत्त्वज्ञाचा आक्षेप (‘अस्तित्व हा गुणच नव्हे’) मुद्दाम वगळलाय. तो आला की लेख त्याचाच होतो. पर्यायी वाक्य सुचवताना कृपया पूर्ण वाक्य लिहा, सुटा शब्द नको.