मदत हवी आहे: दादाच्या दारूबद्दल सगळ्यांनी मिळून त्याच्याशी बोलायचं ठरतंय, तयारी कशी करावी?

धागा काढू की नको यात आठवडा गेला. वहिनीला विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

माझा मोठा भाऊ, वय ४३. पितो कॉलेजपासून, पण गेली पाच-सहा वर्षं त्याला नुसतं पिणं म्हणता येत नाही. सकाळी दोन घोट गेल्याशिवाय शर्टाची बटणं लावता येत नाहीत, इतका हात थरथरतो. नोकरी अजून टिकून आहे, कारण महिन्यातून दोन-तीनदा वहिनी फोन करून "ताप आहे" सांगते. चपट्या बुटांच्या खोक्यात, माळ्यावर, एकदा तर वॉशिंग मशीनच्या मागे सापडल्या. लपवायच्या जागा आमच्यापेक्षा माझ्या भाच्याला जास्त माहीत आहेत. तो १३ वर्षांचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एकदा "बसून बोलू या" केलं होतं. रात्री साडेदहाला. तो पिऊनच आलेला. बाबा ओरडत होते, मी रडत होते, मामांनी त्याच्या लग्नापासूनचा हिशोब काढला. दादाने शपथ घेतली आणि नऊ दिवस पाळली. तेव्हापासून आम्ही दोघं-तिघं एका खोलीत दिसलो तरी तो चपला घालून बाहेर पडतो.

आता मी आणि वहिनी एका समुपदेशक बाईंना दोनदा भेटलो. त्यांचं म्हणणं असं: त्या स्वतः हजर राहतील, आम्ही चार-पाच जणांनीच बसायचं, प्रत्येकाने आपलं बोलणं आधी कागदावर लिहायचं, एकदा रंगीत तालीम करायची, आणि तो हो म्हणाला तर त्याच दिवशी दाखल करता येईल अशी सोय आधी करून ठेवायची. ऐकताना धीर आला. घरी आल्यावर सगळे फाटे फुटले.

आई म्हणते, न सांगता घेरणं म्हणजे फसवणूक, आयुष्यभर विश्वास ठेवणार नाही. मामा म्हणतात, एवढं नाटक कशाला, उचलून नेऊन टाका. बाबांना अजूनही वाटतं की नीट समजावलं तर ऐकेल. (बाबा वीस वर्षं नीट समजावतायत.) भाच्याने बसावं की नाही यावरून वहिनीचं आणि माझं वाजलं. त्यात एका नातेवाइकांनी जेवणातून गुपचूप द्यायच्या गोळ्या सुचवल्या आहेत.

आणि खरा प्रश्न, जो कोणी मोठ्याने विचारत नाही: तो "नाही" म्हणाला, उठून गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करायचं काय?

ज्यांनी असं काही केलंय, किंवा ज्यांच्यावर झालंय, त्यांनी कृपया लिहा.

रातपाळी

ताई, आधी गोळ्यांचं. ते कृपया करू नका. गुपचूप द्यायला सांगतात ते बहुतेक वेळा डायसल्फिरम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध ज्याला द्यायचं त्याला माहीत असून, तपासण्या करूनच देतात.

दुसरं, तुम्ही थरथरीचं लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचं शरीर आता दारूवर चालतंय. अशा माणसाची एकदम बंद केली तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनासं होतं, आणि ती अवस्था जीवघेणी ठरू शकते. म्हणून "आजपासून बंद" ही मागणी बैठकीत नकोच. मागणी एकच असावी: आज डॉक्टरांकडे चल. दाखल करणार तिथे पहिल्या आठवड्यात रात्रीसुद्धा डॉक्टर असतो का, फिट आली तर काय करतात, बी-१ जीवनसत्त्व देतात का, हे स्वतः जाऊन विचारा. घरच्यांना अमुक दिवस भेटूच देणार नाही, मारहाण हाही उपचार, असं सुचवणारी जागा असेल तर तिथूनच परत फिरा. मामांच्या उचलून नेण्याला माझं हेच उत्तर.

वेळ सकाळची ठेवा. थरथर थांबण्यापुरती घेतलेली असेल तर असू दे, पूर्ण कोरडा ठेवायचा हट्ट नको.

पाऊलवाट

माझ्यावर अशी बैठक झालेली आहे. चार वर्षं होऊन गेली, तेव्हापासून प्यायलेलो नाही.

आत गेलो, पाच खुर्च्या बघितल्या आणि वळलो. बहिणीने दार अडवलं नाही. "बसायचं नसेल तर उभ्याने ऐक, दहा मिनिटं," म्हणाली. दार मोकळं होतं म्हणून थांबलो. हे तुमच्या आईंना सांगा.

भावाने "तू सगळ्यांचं वाटोळं केलंस" म्हटलं, ते मला काहीच लागलं नाही. ते मी स्वतःला रोज म्हणत होतो. लागलं ते बायकोने कागदावरून वाचलेलं. अमक्या दिवशी मुलीला शाळेतून आणायचं विसरलास, ती पावणेसहापर्यंत फाटकाशी उभी होती. बस, एवढंच. विशेषण एकही नाही. मला तो दिवस आठवत नव्हता, आणि आठवत नाही हेच भयंकर वाटलं.

भाच्याला बसवू नका. त्याला लिहायचं असेल तर दोन ओळी लिहू दे, दुसरं कोणी वाचेल. नाही लिहिलं तरी चालेल. बाप नाही म्हणाला तर तो नकार आपल्यालाच होता असं मूल धरून बसतं.

उंबरठा

आईंची शंका अगदीच चुकीची नाही. न सांगता समोर बसवण्याची ही पद्धत १९६० च्या दशकात व्हर्नन जॉन्सन या अमेरिकी धर्मोपदेशकांनी रुजवली. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. पुढे रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी 'क्राफ्ट' नावाची वेगळी वाट काढली. तिच्यात घेरणं नाही, घरच्यांनाच शिकवतात: तो न प्यायलेला असताना जवळ जा, प्यायला की बाजूला व्हा, पिण्याचे परिणाम त्याच्या वतीने निस्तरू नका, आणि तो स्वतः कंटाळून बोलला की त्या क्षणी उपचाराचं विचारा. १९९९ मध्ये १३० नातेवाइकांवर तुलना झाली. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा माणूस उपचाराला आला, जॉन्सन पद्धतीत ३० टक्के, आणि अल-अनॉनच्या (पिणाऱ्यांच्या घरच्यांचे आधारगट) धर्तीच्या मदतीत १३ टक्के. मात्र जॉन्सन गटातल्या बहुतेक कुटुंबांनी बैठक घेतलीच नाही, त्यांचं अवसान आधीच गळालं. अल-अनॉनचा उद्देशही मुळात घरच्यांनी सावरणं हा आहे, तेव्हा तो आकडा बघून तिकडे जाणं टाळू नका.

बाईंना विचारा, आधी सांगून बैठक घेता येईल का. त्याने पूर्वी जीव देण्याचं कधी बोललंय का, हे त्यांना नक्की सांगा. ते न विचारता तारीख ठरवणारा समुपदेशक मला चालणार नाही.

आणि "नाही" म्हणाला तर? प्रत्येकाच्या कागदावरचं शेवटचं वाक्य त्यासाठीच असतं. स्वतः पाळू शकाल तेवढंच लिहा. "घर सोडून जाईन" लिहायचं आणि जायचं नाही, म्हणजे त्याच्या शपथेसारखंच झालं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये बरंच घडलं.

बाईंना विचारलं. सांगून घ्यायचं ठरलं. वहिनी रविवारी सकाळी त्याला म्हणाली, "शनिवारी आम्ही तुझ्याबद्दल एका बाईंसोबत बोलणार आहोत, तू ये." तो म्हणाला, "बघू." गेल्या दोन वर्षांत आम्हाला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर.

काल तालीम झाली. बाबांचं पत्र चार पानी निघालं, बाईंनी त्यातल्या सहा ओळी ठेवल्या. त्या वाचताना त्यांचा आवाज गेला, आणि मग कोणीच काही बोललं नाही. मामा येणार नाहीत. फोनवर मीच सांगितलं, रागावलेत.

वहिनीने आधी शेवटी घटस्फोटाचं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, "सोमवारी वकिलाकडे जाणार आहात?" ती नाही म्हणाली. आता तिथे आहे: "सोमवारपासून तुझ्या ऑफिसला मी फोन करणार नाही. तू कर, किंवा करू नकोस." हे ती पाळेल. मला वाटतं हेच दादाला जास्त घाबरवेल.

जागा बघून आलो, रात्रपाळीला डॉक्टर आहेत. भाचा त्या दिवशी मित्राकडे. गाडी माझा नवरा चालवणार, कारण दादाचं त्याच्याशी कधी भांडण झालेलं नाही.

एक बारीकसा प्रश्न राहिला. दाखल करायची बॅग आधी भरून ठेवायची आहे, पण घरात ठेवणार कुठे? लपवण्यात तो आमचा गुरू आहे.

पाऊलवाट

माझी शेजाऱ्यांकडे होती. चष्मा तेवढा राहिला, पहिले चार दिवस भिंतीवरचा कागद वाचता येत नव्हता. चष्मा लिहून ठेवा.