दस्त नोंदला, चेक परत आला: आता जमीन कोणाची?

बांधावर (धागाकर्ता)
दुय्यम निबंधकांकडे नेहमी दिसणारा नमुना घेऊ. 30 लाखांचा सौदा. 10 लाख आरटीजीएसने आधी, उरलेल्या 20 लाखांचे पुढच्या तारखांचे दोन चेक. खरेदीखतात मात्र ठरीव वाक्य: 'मोबदल्याची संपूर्ण रक्कम भरून पावली, भरण्याबाबत तक्रार नाही.' अंगठे झाले, फोटो झाले, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा) निघाली आणि नंतर दोन्ही चेक परत.

माझं मत: मालकी गेलेली नाही. विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकी देणं. किंमतच पोचली नाही तर लिहून देणाऱ्याने, म्हणजे विकणाऱ्याने, जमीन का गमवावी? कालियापेरुमल विरुद्ध राजगोपाल (2009) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. दस्त नोंदलेला होता, तरी पैसे न मिळाल्याने मालकी गेली नाही.

इंडेक्सटू
असहमत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 पूर्ण वाचा. किंमत 'दिलेली, देण्याचं वचन दिलेली, किंवा काही दिलेली आणि काही वचन दिलेली' असली तरी विक्रीच होते. 100 रुपये किंवा त्यावरची स्थावर मिळकत असेल तर नोंदलेला दस्त हवा, एवढीच सक्ती. तुमच्या उदाहरणात वचन आहे आणि नोंदणीही आहे, म्हणजे मालकी गेली.

सर्वोच्च न्यायालयाचा दहिबेन निकाल (2020) पाहा. सुरतची जमीन, किंमत 1 कोटी 74 लाख 2 हजार, 36 चेक. विकणाऱ्यांचं म्हणणं, हाती फक्त 40 हजार आले. दस्त 2009 चा, दावा 2014 चा. न्यायालयाने दावा उंबरठ्यावरच फेटाळला: बाकी किमतीसाठी दुसरे उपाय करा, तेवढ्यावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही. शिवाय मुदतही टळलेली होती.

बांधावर
मग कालियापेरुमल चुकला का?

इंडेक्सटू
नाही, तिथे कागदच वेगळा होता. पैसे नोंदणीच्या वेळी निबंधकासमोर घ्यायचे, असं दस्तातच लिहिलेलं होतं. पैसे दिले गेले नाहीत, ताबा दिला नाही, मूळ कागदही विकणाऱ्याकडेच राहिले. मालकी केव्हा जावी हा पक्षांच्या इराद्याचा प्रश्न आहे आणि इरादा आधी दस्तात शोधतात. तुमच्या दस्तात काय लिहिलंय? 'भरून पावली.' पैसे मिळाल्याशिवाय मालकी देणार नाही, असा इरादा त्या वाक्यातून कसा निघणार?

नमुना६
'भरून पावली'चं आणखी एक नुकसान कोणी सांगत नाही. मालकी गेली तरी न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो, कलम 55(4)(ब). तो वसूल करायला 12 वर्षांची मुदत आहे. मात्र बोजा कोणावर चालतो? मूळ घेणाऱ्यावर, त्याच्याकडून फुकट घेणाऱ्यावर आणि बाकी राहिल्याची माहिती असून घेणाऱ्यावर. मूळ घेणाऱ्याने उद्या तिसऱ्याला विकली तर तो तिसरा तुमच्याच दस्तातली पोच पुढे करेल: 'पूर्ण रक्कम मिळाल्याचं लिहिलंय, मला बाकीची कल्पना नव्हती.' बोजा तिथेच संपतो. लेखनिकाने सवयीने घातलेली एक ओळ 20 लाख बुडवू शकते. म्हणून दस्तात चेकचा नंबर, बँक, तारीख, रक्कम आणि 'बाकी येणे' हे शब्द यायलाच हवेत.

चावडी
एवढी चर्चा कशाला? सातबारा अजून विकणाऱ्याच्या नावावर असेल तर मालक तोच. फेरफाराला हरकत घ्यायची.

नमुना६
चावडीदादा, सातबाऱ्याने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. हरकत घेतलीत तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाईल, पण मंडळ अधिकारी मालकीचा निवाडा करू शकत नाही. त्यात महिने जातात आणि दिवाणी दाव्याची मुदत काही तुमच्यासाठी थांबत नाही.

सौदाचिठ्ठी
तारखेचा मुद्दा राहिला. सही 3 तारखेला आणि नोंदणी 20 ला झाली तर मालकी कधीपासून? सहीपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी हजर करता येतो, त्यामुळे असं अंतर पडतंच.

राम सरन लाल निकाल (1961) म्हणतो, विक्री पुरी होते ती निबंधकाच्या पुस्तकात दस्ताची नक्कल उतरल्यावर. पण नोंदणी कायद्याच्या कलम 47 प्रमाणे एकदा नोंदला की दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो. हमदा अम्मल निकालात (1991) सही आणि नोंदणी यांच्या मधल्या काळात, विकणाऱ्याकडून ज्याचं येणं होतं त्याने जमिनीवर जप्ती आणली, तरी घेणाराच जिंकला. त्यामुळे मधल्या तारखेच्या जप्तीने घेणाऱ्याने घाबरू नये, दस्त मुदतीत नोंदवून घ्यावा.

बांधावर
तरी एवढं ठामपणे सांगेन की विकणाऱ्याला अट घालायचा पूर्ण हक्क आहे. 'अमुक नंबरचे चेक वटल्यावरच मालकी लिहून घेणाऱ्याकडे जाईल, तोपर्यंत ताबा व मूळ कागद लिहून देणाऱ्याकडे राहतील' हे वाक्य घाला, मग कालियापेरुमल तुमच्या बाजूने उभा राहतो.

इंडेक्सटू
वाक्य चालेल, पण घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर अशा अटीच्या दस्तावर बँक अडून बसेल. त्यापेक्षा आधी साठेखत (पुढे विकण्याचा करार) नोंदवा. त्याने मालकी जात नाही. ताबा मात्र देऊ नका, नाहीतर मुद्रांक (सरकारी शुल्क) खरेदीखताएवढा लागतो. तो पुढे खरेदीखतात वळता होतो हे खरं, पण पैसे आधी अडकतात आणि ताबा गेला की विकणाऱ्याचा हात दगडाखाली. खरेदीखत नोंदवायच्या दिवशी उरलेली सगळी रक्कम डीडीने घ्या, डीडीचा नंबर दस्तात उतरवा, खात्री बँकेतून करा. मगच 'भरून पावली' लिहा.