शूटिंग काढणारी बाई: दिग्दर्शिका की आणखी काही?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
माझ्या मामेबहिणीनं कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेची, म्हणजे सीतादहीची, बारा मिनिटांची फिल्म मोबाइलवर केली. लिहिणं, चित्रण, जोडणी, सगळं तिचंच. आता पाटीवर नावापुढे काय लिहावं? 'दिग्दर्शिका' तिला जड वाटतं. वेचणीच्या बाया तर म्हणतात, "शुटिंग काढून राह्यली व?" मला हे 'काढणं' हलकं वाटतं.

उत्तर (आर्वी)
हलकं काहून? रांगोळी काढतात, चित्र काढतात, विहिरीतून पाणी काढतात. आत असलेलं बाहेर आणायचं, असं ते क्रियापद आहे. बायांनी अचूक शब्द वापरला, तो बदलू नका.

'दिग्दर्शिका' मलाही खटकतो. मार्गदर्शिका, दिनदर्शिका यांच्या रांगेत तो छापील वस्तूसारखा वाटतो. शिवाय त्यात हाताखाली माणसं आहेत हे गृहीत धरलेलं असतं. एकटीनं सगळं करणारीला 'चित्रपटकर्ती' म्हणा. घरातली कर्ती बाई आपण म्हणतोच की.

उत्तर (पुणे, माहेर वरुड)
'करीण' या प्रत्ययाचाही विचार करा. शेतकरीण, वारकरीण, मोलकरीण. हा शब्द सिनेमाच्या नावातही आलेला आहे. 1980 मध्ये दीपा धनराज आणि सोबत्यांनी 'युगांतर' हा गट काढला, 1981 मध्ये पुण्यातल्या घरकामगार बायांच्या संघटनेवर माहितीपट केला आणि नाव ठेवलं 'मोलकरीण'. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर. ज्यांच्यावर फिल्म, त्यांच्याशी बोलत, त्यांना सोबत घेत ती घडवायची, ही त्यांची पद्धत. सुमित्रा भावे समाजशास्त्राकडून सिनेमाकडे आल्या. त्यांचा 'बाई' हा लघुपट 1985 चा. या कामांची नावं बघा, किती साधी आहेत! म्हणून 'फिल्मकरीण' मला परका वाटत नाही. बोलून बघा, जिभेवर बसतो.

फातमा बेगम यांनी 1926 मध्येच स्वतःची कंपनी काढून चित्रपट दिग्दर्शित केला. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून त्या कामाचा शब्द शोधतोय, याचं मला वाईट वाटतं.

दारव्हा
बहिणीला दोन्ही वाचून दाखवले. 'फिल्मकरीण' ऐकून आत्या म्हणाली, "हे आपलं वाटते." पण पाटीवर ती 'चित्रपटकर्ती'च लिहिणार आहे, आणि खाली वेचणाऱ्या सातही जणींची नावं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. त्यांच्यासाठी 'सहभाग' लिहावं की 'सोबत'? मला 'सोबत' बरं वाटतं. अकोला-बुलढाण्याकडे काय म्हणतात?