इंदुरात फोटोग्राफीचं पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक कसं मिळालं? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इकडची बरीच मुलंमुली हल्ली कॅमेरा घेऊन या धंद्यात उतरताहेत. हात चांगला असतो, पण पैसे देणारा माणूस कुठून आणायचा, इथे गाडी अडते. ज्यांनी तो टप्पा ओलांडलाय त्यांनी सविस्तर लिहा. दर, ऍडव्हान्स, वसुली, सगळं. 'मेहनत करत राहा' एवढंच लिहू नका, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवात मी करतो. माझं ठाम मत आहे की ओळखीचे लोक काम देतात आणि त्यांच्या ओळखीचे पैसे देतात. मावसभावाच्या लग्नात 'अरे, तू आहेसच की' म्हणून कॅमेरा आपल्याच गळ्यात येतो. पण त्याच मांडवात नवरीकडची मंडळी असतात, त्यांचं आपल्याशी नातं नसतं. मला पहिलं पैशांचं काम दिलं ते नवरीच्या मामांनी, त्यांच्या मुलाच्या मुंजीचं. माझा एकही फोटो त्यांनी तोवर पाहिला नव्हता. अक्षता पडताना मी कुठे उभा राहतो, गुरुजींना थांबायला लावत नाही, आजींना फोटोसाठी खुर्चीवरून उठवत नाही, हे मात्र सगळं पाहिलं होतं.

आपल्या इंदूरचाच जुना दाखला आहे. लाला दीनदयाळ 1866 साली इथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले आणि 1870च्या दशकात कॅमेऱ्याकडे वळले. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना हात दिला आणि मध्य भारतातले इंग्रज सरकारचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी गाठ घालून दिली. डेली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. पुढे 1885 मध्ये दीनदयाळ हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. एकाने दुसऱ्याकडे न्यायचं, हे तेव्हाही असंच चालायचं.

राजेंद्रनगरहून

मी डोहाळेजेवण, बारसं, मुंज, साठीशांत एवढंच करते. लग्नं मुद्दाम घेत नाही. डोहाळेजेवणाला सगळा बायकांचा गोतावळा असतो. तिथे फोटो काढणारी बाईच असली की उत्सवमूर्ती मोकळेपणाने बसते, हसते, आणि फोटोत ते दिसतं. त्यातून त्याच घरचं बारसं येतं, मग पहिला वाढदिवस, आणि तोवर जावेकडून किंवा शेजारणीकडून फोन आलेला असतो.

नात्यात पैशांचं बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून मी दराचा एक कागद करून ठेवलाय. किती तास, किती फोटो नीट करून मिळतील, किती दिवसांत मिळतील, अल्बमचे वेगळे किती, आणि तारीख धरायला अर्धी रक्कम आधी. कुणाचा फोन आला की 'काकू, व्हॉट्सऍपवर कागद पाठवते, बघून सांगा' म्हणते. काही काकू परत फोन करत नाहीत. ज्या करतात त्या घासाघीस करत नाहीत. नव्या मुलींना माझं हेच सांगणं आहे की फुकटचं काम केलंत तरी कागद पाठवा, आणि पूर्ण रक्कम लिहून खाली 'घरचं कार्य, सप्रेम' लिहा. तुमच्या कामाची किंमत त्या घराला कळलेली असते.

छावणीहून

लग्नसराईत मोठ्या स्टुडिओंना सेकंड कॅमेरा, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला दुसरा माणूस, लागतोच. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुटतात आणि त्यांची माणसं कमी पडतात. म्हणून दिवाळीच्या आधीच जाऊन भेटायचं. निवडक सुंदर फोटो दाखवू नका, एक अख्खं लग्न दाखवा. कन्यादान, कानपिळी, सप्तपदी यातलं काही सुटलंय का, हे ते बघतात. स्टुडिओच्या लग्नात स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड वाटायचं नाही, हे मी कसोशीने पाळतो. ज्याच्या कामावर गेलो त्याचं गिऱ्हाईक ते.

एका स्टुडिओने माझे सीझनभराचे पैसे अडकवले होते. आता मेमरी कार्ड माझं असतं, आणि डेटा कॉपी करून देतानाच त्या दिवसाचा हिशोब होतो.

मल्हारगंजहून

सराफ्यात, म्हणजे आपल्या सोन्याचांदीच्या बाजारात, सगळे रात्री खायला जातात, मी दिवसा कामाला जातो. दागिना दुकानाबाहेर जात नाही, तेव्हा आपला स्टुडिओच तिथे न्यायचा. घडीचा लाइट बॉक्स, दोन एलईडी, मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, हातमोजे. सोन्यात समोरचं सगळं उमटतं, कॅमेरासुद्धा. म्हणून पांढऱ्या कार्डशीटला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढतो, आणि नक्षी उठून दिसावी म्हणून बाजूला काळ्या कागदाची पट्टी उभी करतो.

पहिल्या दुकानात मी काहीच विकायला गेलो नव्हतो. शेठजी स्वतःच्या मोबाइलवर एका मंगळसूत्राचा फोटो काढत होते. मी परवानगी मागून तेच मंगळसूत्र गल्ल्यापाशी ठेवून टिपलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, 'पूरे सेट का क्या लोगे, भिया?' तेव्हापासून नगाप्रमाणे दर आहे. शेजारच्या पेढ्यांवर ते स्वतः मला घेऊन गेले.

सुदामानगरहून

महेश्वरी साड्या ऑनलाइन विकणाऱ्यांचं काम करते. ऍमेझॉनला मुख्य फोटोत निखळ पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग भरावा लागतो. घरच्या पलंगावर काढलेले फोटो तिथे चालत नाहीत, तेव्हा फोटोग्राफरचा शोध सुरू होतो. खरी मेख रंगाची आहे. रेशीम-सुती कापड उजेड बदलला की वेगळं दिसतं. प्रत्येक साडीबरोबर आधी ग्रे कार्डचा (रंग जुळवायला वापरतात त्या राखाडी कार्डाचा) एक फोटो घ्या आणि रंग त्यावरून बसवा. काठाची जर दाखवायची तर लाइट बाजूने, अगदी खालून. रंग वेगळा निघाला म्हणून साडी परत आली की जाण्यायेण्याचा भुर्दंड विकणाऱ्यावर पडतो. ते सोसलेल्या माणसाला माझा दर जास्त वाटत नाही.

पीथमपूरला जाऊन काम करणारा

कारखान्यांत मशिनरीचे, कार्यक्रमांचे फोटो लागतात, पैसे बरे असतात पण उशिरा येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत होते. 2006च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून माझी बिलं अकाउंट्सवाल्यांच्या टेबलावर पडून राहत नाहीत. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

भंवरकुआँहून

स्पर्धा परीक्षांच्या फॉर्मचे फोटो. 20 ते 50 केबीत बसवून, सहीसकट, लगेच. रक्कम छोटी, पण रोजची आणि रोख. दुकानाचं भाडं यातूनच निघतं.

पुन्हा मी

गिऱ्हाइकाचे फोटो आपल्या इन्स्टावर टाकता येतात का, असं मला बरेच जण विचारतात. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. नव्या माणसाला पुढचं काम त्या फोटोंवरच मिळायचं असतं, म्हणून ऍडव्हान्स घेतानाच 'निवडक फोटो आमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्यास संमती' अशी ओळ पावतीवर घाला आणि खाली सही घ्या. लहान मुलांचे आणि डोहाळेजेवणाचे फोटो असतील तर सही असली तरी टाकायच्या आधी एकदा फोन करा.