मॅकेन-लिबरमन? एकी कसली, खिचडी!

कडूकारलं (२६ ऑगस्ट २००८):
काल ओबामाने उपाध्यक्षपदासाठी निवडलेल्या बायडनच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलंय की अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी आता मूळच्या डेमोक्रॅट सिनेटर लिबरमनला उपाध्यक्षपदासाठी घ्यावं, म्हणजे दोन्ही पक्षांची भांडणं मिटतील. डोकंच फिरलं वाचून. अहो रिपब्लिकन लिंकननं १८६४ ला हेच केलं, टेनेसीचा डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन सोबत घेतला, पुढच्या एप्रिलात लिंकनला गोळी आणि खुर्ची आयती जॉन्सनला. मग काँग्रेसशी अशी जुंपली की १८६८ मध्ये महाभियोग, वाचला तो सिनेटमध्ये एका मताने. मॅकेन शुक्रवारी ७२ चे होतायत. काही बरंवाईट झालं तर रिपब्लिकनांची गादी गर्भपाताच्या बाजूच्या माणसाकडे? भले!

गुलकंद:
कोणीतरी म्हणजे मीच. तेव्हा यादवी चालू होती हो! आणि जॉन्सनचं वाजलं ते पक्षावरून नाही, गुलामीतून सुटलेल्यांना हक्क द्यायचेच नव्हते त्याला. मॅकेन-लिबरमनचा इराकवर सूर एकच आहे.

निवांत_पुणे:
एवढं काय त्यात? १९९९ ला सोनियांच्या परदेशी जन्मावरून राष्ट्रवादी वेगळी झाली आणि चार महिन्यांत काँग्रेसबरोबर सरकारात, उपमुख्यमंत्रीपद घेऊन.

कडूकारलं:
ती निकालानंतरची युती. इथे तिकीटच एक, मधेच पाठिंबा काढता येत नाही. फरक कळतो ना?

हार्टफर्डकर:
लिबरमन आमच्याच कनेटिकटचे सिनेटर, म्हणून सांगतो. २००६ ला प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, डेमोक्रॅट लमॉन्टने पाडलं तर हे अपक्ष उभे राहून निवडून आले. आमच्या शेजारच्या आजोबांनी २००० साली अंगणात गोर-लिबरमनची पाटी लावलेली, आता नुसतं नाव काढलं तरी बर्फाचं फावडं आपटतात. हा माणूस जोडणार म्हणे! बाकी गुलकंद, तुम्हाला मत तरी आहे का इथे?

गुलकंद:
नाही. मग? टॅक्स मात्र दर पगाराला कापतात. सात वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, एकदा वकिलाने लेबरच (कामगार खात्याकडचा पहिला अर्ज) चुकीचं भरलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. गेल्या वर्षी जुलैत सगळ्या तारखा करंट झाल्या, म्हणजे रांगेतल्यांना शेवटचा अर्ज भरता येणार, म्हणून आईला नगरपालिकेत पिटाळलं जन्माच्या दाखल्यासाठी, मेडिकल केलं, आणि दोन जुलैला म्हणे रद्द, मग पुन्हा चालू! तुम्ही लोक सिटिझन झालात की मागची शिडी ओढून घेता.

हार्टफर्डकर:
शिडी कोणी ओढली? मी ९१ ला आलो तेव्हा काय फुलं उधळली होती का? साधा प्रश्न विचारला.

कडूकारलं:
धागा लिबरमनचा आहे!!

गुलकंद:
घ्या, लिबरमन नको. सेंट पॉलच्या रिपब्लिकन अधिवेशनात डेलिगेटच (पक्षाचे प्रतिनिधी) बोंब ठोकतील हे मान्य, झालं समाधान? मग मॅकेनशी उमेदवारीसाठी भांडलेला रॉम्नीच येऊ दे, त्यांचं आणि मॅकेनचं किती गूळपीठ आहे ते प्रायमरीत पाहिलंच आपण. आणि 'मत तरी आहे का' हे मी विसरणार नाहीये.

हार्टफर्डकर:
नका विसरू. माझा धाकटा भाऊ त्याच रांगेत आहे. त्याच्या वकिलाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, त्याने लेबर एकदाच भरलं.